सुभेदारांचा गडगा

शूर माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, निदान त्यांनी तसं मला सांगितलं आहे. पण नारळ पडण्याआधी स्वतः जमिनीवर पडणारा शूर माणूस सबंध रत्नागिरीत एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. सुभेदारांनी लढाईत तोफगोळ्यांखाली तीन दिवस काढले होते म्हणे. तेव्हापासून मागल्या बाजूला झावळ जरी सुटली तरी ते हातातला चहा न सांडता पालथे होत. चहा खरोखरच सांडत नसे, माझी आई शपथेवर सांगायची. मग उठून गुडघे झटकत आणि समोरच्याला म्हणत, "घाबरलो. तुमचं चालू द्या." आमच्याकडचे पैलवान भीती लपवण्यात जन्म घालवतात, हा माणूस ती चारचौघांत दाखवी, पाहुणीची ओळख करून द्यावी तशी.

लष्करी इस्पितळात त्यांच्या मांडीतली गोळी एका दिवसात निघाली. मनातलं काढायला दीड वर्ष लागलं. ते काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी निघताना सलाम ठोकला आणि विचारलं, "हे काम शिकायला किती वर्षं लागतात?" मिशा पांढऱ्या व्हायच्या वयात त्यांनी कॉलेजात नाव घातलं. मानसशास्त्राच्या वर्गात ते शिरले की पोरं उभी राहत, आणि पहिल्या दिवशी तर प्राध्यापकही उभे राहिले. सगळ्या परीक्षा, इस्पितळातली उमेदवारी पुरी करून एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ते घरी परतले आणि दारावर पाटी लावली, 'मानसोपचार. आघात, भीती, झोप न लागणे.' परिणाम असा झाला की लोकांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. पोस्टमन त्यांची पत्रं आमच्याकडे टाकू लागला. कुणी बघितलं तर वेडा म्हणतील, ही भीती रत्नागिरीत बाकी सगळ्या भीतींच्या वर.

तेव्हा त्यांनी पाटी उतरवली आणि मागच्या कलमांच्या बागेत गडगा घालायला घेतला. गडगा म्हणजे आमच्याकडचं दगडी कुंपण. जांभ्याचे ओबडधोबड दगड, ना माती ना चुना, नुसते एकावर एक बेताने बसवायचे. सुभेदार माणसाला खुर्चीत बसवतच नसत, हातात दगड देत. "याला कुठं बसायचंय ते त्यालाच विचारा," म्हणत आणि स्वतः पलीकडून रचू लागत. हात गुंतलेले असले, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नसलं, की माणूस आपोआप बोलतो, हे त्यांचं शास्त्र. 'सुभेदारांकडे गडग्याला जातो' म्हटलं की कुणी नाक मुरडत नसे. होडी उलटून वाचलेले खारवी आले, पावस गावचा, नारळ काढताना माडावरून पडलेला पाडेकरी आला, राजापूरच्या पुरात दुकान वाहून गेलेला वाणी आला. इतक्या हातांनी तो गडगा एव्हाना गोव्याला पोचायचा. पण एकाचं काम झालं की सुभेदार तो पाडून पुढच्यासाठी दगड मोकळे करत.

मग आमच्यावर पाळी आली. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला. माझे भावोजी वाचले, त्यांच्या शेजारचा जोडीदार, गणपत, गेला. त्या दिवसापासून भावोजी बोलेनात. भांडं पडलं तरी खाटेखाली जात. चार वर्षांची मुलगी 'बाबा, बाबा' करून दमायची आणि भिंतीशी खेळत बसायची. ताई निम्मी झाली. अंगारे झाले, मुंबईच्या दिराने पाठवलेल्या ताकदीच्या गोळ्या झाल्या. शेवटी मी भावोजींना लूनावर मागे बसवलं आणि सुभेदारांच्या बागेत नेऊन सोडलं.

सहा आठवडे भावोजी मुकाट्याने दगड बसवत होते. एकेका दगडाला अर्धा तास, आणि बसवलेला पुन्हा काढायचा. गडगा गुडघ्याएवढा. सुभेदार म्हणत, "घाई नाही."

ताई म्हणाली, "मेल्या, ह्या चालीने मुलीचं लग्न होईल, तरी त्यांचा गडगा व्हायचा नाही!"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गडगा पुरा झाला की माणूस बरा होतो, हे गावाला ठाऊक. मग तो भावोजींनीच पुरा करायला हवा असं कुठं आहे? सुभेदार चिपळूणला गेलेले पाहून मी दोन कसबी गडी लावले आणि दिवस मावळायच्या आत छातीएवढा गडगा उभा केला. असा सरळ, की त्याच्यावर परकर वाळत घालायलासुद्धा संकोच वाटावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाबासकी घ्यायला उभा. भावोजी आले. बघितलं. मानेची शीर टरारली.

"कोणी हात लावला माझ्या गडग्याला?"

पाच महिन्यांनी आलेला आवाज! मी आनंदाने म्हटलं, "मी, भावोजी!" त्यावर त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या अजून कुणी छापलेल्या नाहीत.

"कोपऱ्यातला दगड कुठाय? तो गणपतचा होता रे, गाढवा!"

आणि त्यांनी गडगा पाडायला घेतला. दगडांचा धडाड् धडाड् आवाज, त्यात भांड्याला भिणारा हा माणूस उभा. फाटकाशी सुभेदार येऊन थांबले होते. त्या आवाजाने ते दोनदा आडवे झाले, दोनदा उठले, पण भावोजींना थांबवलं नाही. मी पुढे धावलो तर मला दंडाला धरून मागे ओढलं. एवढी भीती अंगात घेऊन इतका स्थिर उभा राहिलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गणपतचा दगड तळाशी सापडला. तो मांडीवर घेऊन भावोजी खाली बसले. म्हणाले, "त्यानेच मला म्हटलं होतं, तू जरा इकडं उभा राहा, तिकडं गरम होतंय."

सुभेदार त्यांच्याशेजारी मातीत बसले आणि मला हाताने घालवून दिलं. मी रस्त्यावरून बघत राहिलो. बराच वेळ बोलताना भावोजींचे हात हलत होते. मग केव्हातरी ते थांबले आणि सुभेदारांचे हलू लागले. भावोजी मान खाली घालून ऐकत होते.

सुभेदार जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आपल्या लढाईचं एक अक्षर त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही त्यांना पालथं होताना बघून हसलो, विचारलं नाही. भावोजी आता इतकं बोलतात की ताई कान झाकते. फक्त त्या सकाळी सुभेदार काय म्हणाले, ते सांगत नाहीत.

"ते त्यांनी माझ्याकडे ठेवलंय," म्हणतात.