चाळलेल्या मातीचा पट्टा

सोमलालभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या ऑफिसात थर्मासची झाकणं जुळवत बसले होते. फोन आमच्या जीपवाल्या गजाननचा. "मॅडम, सोमलालभाऊ गेले. सकाळी चहा पेले, अन् खाटेवरच..." रविवारी अकोल्याचा गट चिखलदऱ्याला न्यायचा होता, तेव्हा त्यांच्या म्होरक्याला कळवणं भाग होतं. गृहस्थ कोचिंग क्लासचे मालक. दोन वर्षांत आले नव्हते, पण त्याआधी सोमलालभाऊंसोबत पाच-सहा वेळा रान हिंडलेले, त्यांच्या हातची भाकर खाल्लेले. मी सांगितलं. ते "अरे बाप्पा" म्हणाले आणि विचारलं, "मंग रविवारी वाघाचे पाय कोन दाखवन?"

मी फोन ठेवला. तेव्हा आलेली शिसारी सहा आठवडे झाले तरी गेलेली नाही. ती फक्त त्या गृहस्थांबद्दलची असती तर मी हे लिहीत बसले नसते.

सोमलालभाऊ माझ्या सहलींचे वाटाडे होते. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला कोरकू आदिवासींच्या वस्तीत त्यांचं घर. आमच्या घरात सगळे वकील, मी एकटी लोकांना डोंगर दाखवायच्या धंद्यात पडले. सोळा वर्षांपूर्वी गजाननने त्यांना आणून माझ्यासमोर उभं केलं. काटक, बुटका माणूस, खांद्यावर पंचा. माझ्याकडे न बघता ते माझ्यामागच्या मातीकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा पाय घासते. गुडघा दाखवा कोनाले." मला राग आला. महिनाभराने डॉक्टरकडे गेले तर गुडघा खरंच झिजत चालला होता. वाटाडा पक्का झाला.

त्यांची एक पद्धत होती. गट यायच्या आदल्या संध्याकाळी ते पायवाटेचा चार हात तुकडा फांदीने झाडून घ्यायचे, त्यावर गव्हाच्या चाळणीने चाळलेली बारीक माती पसरायचे आणि हाताने सपाट करायचे. सकाळी सगळ्यांना त्या पट्ट्याभोवती बसवून वाचायचे. इथून साळिंदर गेलं. इथे लांडोर थांबली, मागे वळली, काहून वळली ते पाहा... मुलं पालथी पडून बघायची. जे असेल तेच सांगायचे, रेघभर जास्त नाही. एखाद्या दिवशी नुसतंच "एक कुत्रं अन् एक मुंगूस. बस." एकदा अकोल्याच्या एक बाई फणकारल्या, "मुंगूस तं आमच्या नालीत बी हाय हो भाऊ!" त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग त्याचे पाय पाह्यले काय कधी?" आम्ही तीन दिवस हसत होतो.

पण मुंगसावर सहली चालत नाहीत. इतर जीपवाले रोज सकाळी कुठे ना कुठे वाघाचा ठसा दाखवायला लागले. वाघ कुठला, मुठीचा ठसा. ओल्या मातीत मूठ दाबायची, वर चार बोटांची टोकं टेकवायची, झाला वाघ. माझ्याकडे विचारणा कमी झाली. तेव्हाच हे क्लासवाले आपला सगळा स्टाफ घेऊन यायचे होते, आणि त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, वाघाचं काहीतरी पाहिजे. मी सोमलालभाऊंना म्हटलं, "एक ठसा काढून ठेवा." ते हसले. त्यांना थट्टा वाटली. मी म्हटलं, "सगळे काढतात."

"सगळ्याईले वाचता येत नाही, मॅडम. मले येते."

"भाऊ, वाद नको. लोकांना आनंद होतो, आपलं काय जातं?"

कोरकू लोक वाघाला मामा म्हणतात, वाघिणीला मामी, हे मला तेव्हाही माहीत होतं. उगाच नाव घेत नाहीत, आणि मी त्यांना मामाचा खोटा पाय काढायला सांगत होते. त्यांनी काढला. असा काढला की वनखात्यातला माणूस फसला असता... पंजाची गादी मागून तीन भागांत, बोटं किंचित तिरकी, नखं नाहीत. सकाळी धिंगाणा झाला. चाळीस माणसं किंचाळत मोबाइल काढून धावली. एका सरांनी ठशाशेजारी आडवं पडून डरकाळी फोडली. एका बाईंनी पर्समधून कुंकू काढून त्यावर वाहिलं. चिप्सची पाकिटं तिथेच पडली. सोमलालभाऊ पाठ करून दरीकडे बघत उभे होते. नंतर हापशीवर त्यांनी हात धुतला. मी तिथे असेपर्यंत तरी ते धुतच होते.

पुढची चार वर्षं दर सहलीला ठसा निघाला. मी पुन्हा सांगितलं नाही, तशी गरजही पडली नाही. ते काढायचे, दाखवायचे आणि पाठ करून उभे राहायचे. साळिंदर, लांडोर, मुंगूस सगळं बंद. ठसा दिसल्यावर बाकी पट्ट्याकडे कोण बघतो?

मग ती सकाळ. अमरावतीची निवृत्त मंडळी, सोबत चार नातवंडं. सोमलालभाऊ पुढे गेले होते, ते घाईने परत आले. "मागं फिरा. पोराईले मधात घ्या. मामी हाय, पिल्लं हाय संग." आम्ही पट्ट्यापाशी पोचलोच होतो. त्यावर त्यांनी आदल्या संध्याकाळी काढलेला ठसा होता, तो अर्धा पुसला गेला होता आणि त्याच्यावर दुसरा मोठा पाय पडला होता. बाजूला लहान पाय, दोन पिल्लांचे. गटातले एक निवृत्त मॅनेजर चष्मा सरसावून वाकले आणि हसायला लागले. "भाऊ, आज पिल्लं बी काढले काय? मेहनत घेतली राजा तुमी!" सगळे हसले. खोट्या ठशाची युक्ती त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेली होती. मॅनेजरांची नात ठशापलीकडे झाडीकडे निघाली होती.

सोमलालभाऊंनी माझ्याकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. आजवरचे सगळे खोटे होते, माझ्या सांगण्यावरून काढलेले होते, हा खरा आहे. मी ते वाक्य बोलले नाही. म्हटलं, "वरून फोन आलाय, पुढे दरड कोसळली आहे, वाट बंद. चला मागे." दरडीवर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. पोरीला मी दंडाला धरून ओढत आणलं, कुरकुरत का होईना सगळे परतले.

उतारावर सोमलालभाऊ माझ्या बाजूने चालत होते. म्हणाले, "आज खरं होतं. तरी तुमी खोटंच बोलल्या." आवाजात राग नव्हता.

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी कोणाला खरा ठसा दाखवला नाही आणि खोटाही नाही. धबधबा, कॉफीची झाडं, दरी, जेवण, परत.

ते गेल्यावर आमच्या सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. "मेळघाटचा वाघ हरपला." खाली फोटो. बत्तीस फोटो आले, मी एकेक उघडून पाहिला. प्रत्येकात मातीतला ठसा, भोवती दात काढलेली माणसं आणि मागे कुठेतरी एक पंचा टाकलेली पाठ. चेहरा एकातही नाही. त्या फोटोंतला एकही वाघ खरा नाही. ते मी काढायला लावले होते. वाटेवर जे वाक्य बोलले नाही ते इथे छापायला देते आहे. ग्रुपवर टाकलं असतं तर त्याखालीही हात जोडलेली चित्रं आली असती.

सुतकाचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सुगनाबाई, त्यांची बायको, दारात बसली होती. आम्ही चहा प्यायलो. निघताना चपला घालायला वाकले तेव्हा दिसलं. दारापुढे चार हात माती चाळून, सपाट करून ठेवलेली होती. भाऊंचं घरचं रोजचं काम, ते आता ती करत होती. त्यावर कोंबडीचे पाय, मांजराचे पाय आणि सरळ मधून माझ्या चपला. येताना मी बघितलंच नव्हतं. उजवा ठसा स्वच्छ, डाव्याच्या मागे फरपटल्याची रेघ.

मी ओशाळून खाली बसले आणि हाताने माती सारखी करायला लागले. सुगनाबाईने माझं मनगट धरलं.

"राहू द्या, बाई. पुसू नका. तुमी आलत्या, हे तं खरं हाय ना."