न लागणारा शेक
परवा माझ्या कंबरेवर स्पिरिटचा गार बोळा फिरला आणि त्या वासासरशी रायपूरचं शंकर नगर आठवलं. रायपूर राजधानी झाल्यापासून तिथे रोज नव्या दवाखान्याचा बोर्ड लागायचा, आणि बाबांचा एकाही बोर्डावर विश्वास नव्हता. पण वर्षभर कंबर धरलेली, स्कूटरला किकही मीच मारून द्यायचे, म्हणून एकदाचे फिजिओथेरपीला आले. व्यायाम त्यांना पटला, पण स्पिरिटने पुसून कंबरेवर द्यायचा लेझरचा शेक नाही. डोळ्यांवर काळा चष्मा लावून पालथे पडल्या पडल्या ते मला विचारत, "मले तं काहीच गरम लागून नाही राहिलं. मशीन चालू हाय का, पाह्य बरं." फिजिओथेरपीवाली दीदी म्हणायची, "अंकल, इसमें गरम नहीं लगता." बाबांचा संशय आणखी वाढे. मग लेझरला खोटं पाडायचं म्हणून ते घरी एकही व्यायाम चुकवेनात. पावसाळा सरता सरता त्यांनी स्कूटरला स्वतः किक मारली आणि थेट दीदीसमोर जाऊन उभे राहिले, "आपके लेझर से कुछ नहीं हुआ, कसरत से हुआ." दीदीने शांतपणे "हव, अंकल" म्हणत होकारार्थी मान डोलावली. परवा तसाच काळा चष्मा लावून मी पालथी पडले होते. काहीच गरम लागत नव्हतं. घरी आले ती तडक सतरंजी अंथरून व्यायामाला लागले.