डाव्या हाताने लिहिलेले बारा पेपर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका मुलीचे सहावी ते आठवीचे बारा पेपर मी डाव्या हाताने लिहिले. माझं उजव्या हाताचं अक्षर सगळी शाळा ओळखते. डाव्याने लिहिलं की ते पोरासोरांसारखं वाकडंतिकडं येतं. एवढी अक्कल मला होती. शिकवताना ती कुठे जायची, देव जाणे.

मी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर आहे. आमची मुलं लिंबायत-गोडादरा या वस्त्यांतली. आईबाप खानदेशातून आलेले, बहुतेक जण सांच्यांवर, म्हणजे पॉवरलूमवर कामाला. ही मुलगी दुसरीत असताना तापात तिचे कान गेले. बोलायची नीट, वाचायची अडखळत. सहावीत तिचा बाप तिला घेऊन आला तो पाळी संपवून थेट, डोक्यात कापसाची कुसं तशीच.

"सर, तिनाकडे तोंड करीसन बोला," तो म्हणाला. "तिले आयकाले येत नही, पन दिखस ना."

सांच्यांच्या खडखडाटात कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथले कारीगर सहा मशीन पलीकडच्या माणसाशी नुसते ओठ हलवून बोलतात. चहा येतोय, धागा तुटलाय, शेठ आलाय, सगळं. बापाने लेकीला तीच विद्या शिकवली होती. घरात त्यांचं आवाजावाचून चालायचं.

मी म्हणालो, "दादा, पन्नास पोरं आहेत वर्गात. एकीकडे तोंड केलं तर बाकीच्यांकडे काय पाठ करू?"

तो हसला आणि शाळेतल्या मराठीत म्हणाला, "पाठ तर तुम्ही सगळ्यांकडेच करता की, सर. खिडकीतून बघितलं ना मी."

खरं होतं. प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, लिहिता लिहिता फळ्याशीच बोलायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, पुसायचं. वीस वर्षं मी फळ्याला मराठी आणि समाजविद्या शिकवली. फळा हुशार असता तर एव्हाना पदवीधर झाला असता. पण बी.एड. झालेल्या माणसाला सांच्यावरचा कारीगर शिकवणार, हे मला झोंबलं. मी तोंड वळवलं नाही. मुद्दाम वळवलं नाही, हेही सांगून टाकतो.

पहिल्या परीक्षेत तिने पेपरवर नाव लिहिलं आणि खाली प्रश्नपत्रिकेतले सगळे प्रश्न उतरवले, मोत्यासारख्या अक्षरात. उत्तर एकाचंही नाही. मी तिला उतरवायलाच शिकवलं होतं, तिने उतरवलं.

आचार्यांना पेपर दाखवला. आचार्य म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोरो? नापास दाखवलीत तर दिव्यांगांचा वेगळा फॉर्म, वेगळा आराखडा, पालकांची मीटिंग, दर महिन्याला अहवाल. भरशो तमे?"

"नाही साहेब."

"तो पछी? मग काहीतरी लिहा ना. चालशे."

चालशे, म्हणजे चालेल. आमच्या शाळेच्या भिंतीवर थोरामोठ्यांची पुष्कळ वचनं रंगवली आहेत, पण शाळा चालते या एका शब्दावर. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी तिच्या प्रश्नांखाली डाव्या हाताने उत्तरं लिहिली. तिच्या म्हणून चार चुकाही केल्या. ऱ्हस्वदीर्घ तर मी फार मन लावून बिघडवलं. शेजारी बसलेल्या गणिताच्या बेन, म्हणजे बाई, बघत होत्या. "गणिताचंही असंच करावं लागेल," म्हणाल्या आणि डबा उघडला.

वर तिचं देखणं अक्षर, खाली माझं गिचमिड. आंधळ्यालाही कळलं असतं, असं लिहिणार होतो. पण आंधळ्यांची बदनामी कशाला? आम्ही सगळे डोळस होतो. महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून येणाऱ्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांनी तिन्ही वर्षं ते पेपर चाळले. मी तिचे गुण दर वर्षी थोडे वाढवत होतो. ते म्हणाले, "साहेब, प्रगती छे." तिसऱ्या वर्षी दिव्यांगांच्या कार्यक्रमात तिला पुढे बसवून फोटो काढला. आचार्य तिच्यावरच बोलले, माइकवरून, पाहुण्यांकडे तोंड आणि तिच्याकडे पाठ करून.

तिला माहीत होतं. सहावीचं गुणपत्रक हातात पडलं तेव्हा तिने ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी हजेरीपटात डोकं घातलं. बापाला तिने काही सांगितलं नाही.

बाप पेढे घेऊन आला. "सर, तोंड करून बोललात ना तिच्याशी?"

"हो," मी म्हणालो.

पेपर लिहिले ते शाळेसाठी, असं म्हणता तरी येईल. हे 'हो' माझं एकट्याचं. पेढाही खाल्ला.

नववीला ती हायस्कुलात गेली आणि पहिल्याच चाचणीत तिने प्रश्न उतरवून ठेवले. तिथल्या बेनना वाटलं, आठवीत पासष्ट टक्के मिळवलेली मुलगी इथे नाटकं करते. तिला वर्गाबाहेर उभं करू लागल्या. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही, पासष्ट मीच दिले होते.

तिचा बाप माझ्याकडे आला. "सर, एकदा चला ना तिथं. तुम्ही कसं शिकवायचे, ते त्या बेनना दाखवा. तुमचं ऐकतील."

"शनिवारी येतो."

शनिवारी शाळा सकाळची असते. पाळी बदलून घेऊन तो साडेअकराला आमच्या फाटकात उभा होता. मी मागच्या दाराने, मुताऱ्यांच्या बाजूने बाहेर पडलो. पुढच्या शनिवारीही तो होता, त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी नव्हता. दिवाळीनंतर मुलीने शाळा सोडल्याचं कळलं.

ती आता सतरा वर्षांची आहे. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. गेल्या महिन्यात गोडादऱ्याच्या भाजीबाजारात बापलेक दिसले. रिक्षांचे हॉर्न, लाऊडस्पीकर, सगळा गोंगाट. आणि हे दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून बिनआवाजाचे वांग्यांवरून भांडत होते, हसत होते. तिने मला पाहिलं. रस्त्यापलीकडून तिचे ओठ हलले: सर, बरे आहात ना?

मला कळलं. पहिल्या फटक्यात कळलं. इतकं सोपं होतं ते.

मी मान हलवली आणि कोथिंबिरीत तोंड खुपसलं. तोवर बाप जवळ आला. "सर, तेव्हा तुम्हाला वेळ मिळाला नसेल," तो म्हणाला. माझी बाजू तोच सावरत होता. "दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचा म्हणते ती. मी म्हटलं, आपले सर आहेत."

"बघू," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघणारी सगळी आश्वासनं अशीच, एक-दोन शब्दांची. तो खूश होऊन गेला. ती जागची हलली नव्हती. माझे ओठ तिने पलीकडून वाचले असणार.

फॉर्मची मुदत अजून आहे. ती संपायच्या आत तिच्या बापाला सांगायचं आहे की ते पेपर माझे होते आणि त्याच्या मुलीला मी एक दिवसही शिकवलं नाही. त्यानंतर त्याने उंबऱ्यात उभं केलं, तर तिच्यासमोर बसून सहावीपासून शिकवायचं आहे. हे मी त्यांना देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत त्यातलं काहीही दिलेलं नाही.