राजवाड्याच्या बँडचं कॉर्नेट

समुद्रकाठच्या आमच्या उत्तन गावाहून बँडची बस निघाली तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. आम्ही बाराजण होतो. मोठा ड्रम टपावर आणि पितळी वाद्यं मांडीवर. आजवर आम्ही वसई-गोराईपलीकडे वाजवलं नव्हतं, आणि आता चाललो होतो राजस्थानातल्या एका राजवाड्यात. त्याचं आता मोठं हॉटेल झालंय. आमच्या शेजारच्या शहरातल्या, जेसल पार्कमधल्या एका मारवाडी मुलीचं तिथे लग्न होतं. लहानपणी मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात तिने आमचा बँड ऐकला होता, तेव्हापासून तिचा हट्ट होता की आपल्या लग्नात उत्तनचाच बँड वाजायला हवा.

वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेवटचा घाट चढलो. एका वळणावर ड्रायव्हरने वेग कमी केला. खाली हिरवंगार तळं, आणि वर डोंगराच्या कडेवर सायीच्या रंगाचा राजवाडा. सगळे त्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले.

ड्योढीवर (राजवाड्याचा मुख्य दरवाजा) फेटेवाल्या दरबानाने हात जोडले, "खम्मा घणी." (तिकडचा नमस्कार.) आमच्या बँडमास्तरांनी, पास्कूकाकांनीही डोक्यावरची टोपी काढून त्याला हात जोडले. आमची सोय जुन्या तबेल्यात होती. आता तिथे एसी खोल्या आहेत. जेवणात तुपात बुडालेली बाटी आणि गट्टे (बेसनाच्या वळ्यांची भाजी). सुकटीशिवाय घास न उतरणाऱ्या आमच्या पोरांनी दोनदा मागून खाल्लं.

नवरी जिना उतरताना एकट्या कॉर्नेटवर (छोट्या ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) धून वाजायची होती. इतकी वर्षं ती पास्कूकाका वाजवत. आता त्यांना कवळी आली, फुंक नीट धरत नाही, म्हणून ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. दुपारी मी पेटी उघडली तर माउथपीसची (वाद्याला लावून फुंकायच्या तोंडाची) जागा रिकामी. धुऊन सुकायला ठेवला होता, तो घरीच राहिला, आणि आमच्या बँडमध्ये दुसरं कॉर्नेट नव्हतं.

"काका, माउथपीस न्हाय."

ते रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी मला दरबार हॉलमध्ये नेलं. सकाळीच त्यांनी तिथे हेरून ठेवलं होतं: काचेच्या कपाटात संस्थानच्या बँडची वाद्यं, आणि त्यांत एक कॉर्नेट.

मॅनेजरबाई नम्रपणे म्हणाल्या, "ये हमारे हाथ में नहीं है. हुकुम से पूछना पड़ेगा." हुकुम म्हणजे राजेसाहेब. ते मागच्या महालात राहतात. दहा मिनिटांनी स्वेटर आणि चपला घातलेले एक वृद्ध गृहस्थ किल्ली घेऊन स्वतःच आले. त्यांनी कपाट उघडलं, माउथपीस काढून रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"पहले यहीं बजाइए."

माझ्या कॉर्नेटमध्ये तो नीट बसला. मी ओठ टेकवले. पहिला सूर फुटला, दुसरा लागला, आणि मग सगळा हॉल भरून गेला. राजेसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बुआसा की शादी के बाद ये यहाँ नहीं बजा. वो ऊपर ही रहती हैं. कल उनके लिए बजाएँगे?" बुआसा म्हणजे त्यांच्या आत्या.

संध्याकाळी नवरी जिना उतरली. मी वाजवत होतो आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. एकही सूर चुकला नाही. पास्कूकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून जाणवतेय.

सकाळी जनान्याच्या (राण्यांच्या महालाच्या) खिडकीखाली आम्ही बाराजण उभे राहिलो. वर चाकाच्या खुर्चीत पांढऱ्या ओढणीतल्या आत्याबाई होत्या. आम्ही आपल्याकडचं लग्नाचं गाणं वाजवलं. त्यांना त्यातला शब्दही कळला नसता, पण त्यांची बोटं खिडकीच्या कठड्यावर ताल धरू लागली. गाणं संपलं. त्यांनी एक बोट वर केलं: अजून एक. असं चारदा झालं. बस थांबून होती, पण कोणीही घाई केली नाही. निघताना मी माउथपीस धुऊन राजेसाहेबांच्या हातात दिला.

उत्तनला परतल्यावर सगळे विचारतात, महाल आतून कसा होता? खरं सांगायचं तर राजा-राणीची खोली मी एकही पाहिली नाही. पण परदेशी पाहुणे भरपूर पैसे मोजून जिथे राहतात, त्या वाड्यात आमच्या बँडची कोणीतरी वाट बघत होतं, हे मला त्या खिडकीखाली उभं राहून कळलं. आता गावातल्या लग्नात वाजवतानाही मी आधी वर खिडक्यांकडे बघतो.