दुसऱ्यांदा वाजवली ती

माघ सरत आला की नंदुरबारच्या हवेत मिरची असते. शहराबाहेरच्या पथारींवर ती दूरवर लाल पसरलेली असते आणि दुपारच्या उन्हात तिचा वास इतका दाट होतो, की परगावचा माणूस शिंकत शिंकतच रिक्षातून उतरतो. आम्ही सवयीने नुसते डोळे मिचकावतो. त्या दुपारी मंडपवाल्या मित्राच्या गोदामातही उघड्या खिडकीतून तोच वास येत होता. गाद्यांच्या थप्प्यांवर आठ-दहा माणसे बसली होती आणि दोन बांबूंना बांधलेल्या गुलाबी मंडपकापडामागे मी एकटा होतो. माझ्यापुढे दोन बेस गिटार होत्या. एक माझी, दुसरी नरोत्तमची.

बेस गिटार चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. चार जाड तारा आणि गाण्याच्या तळाशी चालणारा घुमारा. असतो तोवर कुणी त्याची दखल घेत नाही, थांबला की गाणे पायरी चुकल्यासारखे होते. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून मी तरुणपणी ऑर्केस्ट्रात ती वाजवली, लग्नांत, गणपतीत, सारंगखेड्याच्या जत्रेत. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा गिटार माझ्याकडे राहिली. अलीकडे फोनवर बेसवेड्यांचा एक ग्रुप झाला, त्यात धुळ्याचे, सुरतेचे, इंदूरचे लोक आले. सगळ्यांत म्हातारा मी आणि सगळ्यांत म्हातारी माझी गिटार, म्हणून आम्हा दोघांनाही तिथे मान होता.

अशात एका कंपनीने माझ्या गिटारीच्याच जुन्या घडणीची गिटार नव्याने बाजारात आणली. तोच तपकिरी-पिवळा रंग, तशाच चपट्या गुंडाळीच्या तारा, घुमारा दाबायला तारांखाली तसाच स्पंजाचा तुकडा, आणि जुनी दिसावी म्हणून जागोजागी खरवडलेले वॉर्निश. ग्रुपवर हलकल्लोळ झाला. एकाने लिहिले, 'रंग आणला, जीव कुठून आणणार?' दुसऱ्याने लिहिले, 'नवरदेवाला पांढरे केस चिकटवून आणलंय.' मी दोन्हींवर अंगठा उमटवला.

नरोत्तमने मात्र कुणालाही न विचारता ती विकत घेतली. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातला हा चाळिशीचा माणूस, केळी लावणारा, गावच्या भजनात बेस वाजवणारा, मला गुरू मानणारा. गिटार घेऊन तो थेट माझ्या ओट्यावर आला, तिची पेटी उघडली आणि लाजत म्हणाला, "आण्णा, हात लाई देखा ना." मी हात लावला नाही. म्हणालो, सगळ्यांसमोरच ऐकू.

म्हणून तो पडदा. ठरले असे, की मी आधी एक गिटार वाजवायची, मग दुसरी, सूर तेच. बाहेरच्यांनी जुनी ओळखायची. मी आधी माझी वाजवली. खानदेशच्या कित्येक उन्हाळ्यांनी तिची दांडी किंचित वाकवली आहे, एक तार झणझणते, स्वर लवकर दमतो. हे सगळे मला ठाऊक होते आणि ते मी प्रेमाने विसरलो होतो. मग नरोत्तमची उचलली. तिसऱ्या-चौथ्या स्वराला माझ्या अंगावर काटा आला. गोल, काळोखा, पोटातून येणारा तो आवाज मी इतकी वर्षे मनात सांभाळला होता आणि आपल्या घरातल्या गिटारीतून तोच येतो असे समजत होतो. नवी गिटार माझ्या आठवणीसारखी वाजत होती. जुनी तिच्या वयासारखी वाजत होती.

पडद्याबाहेर एकच गलका उठला. "दुसरी! दुसरीच जुनी शे, कान कापी देसू!"

"आणि पहिली? पत्र्याना डबा!"

"पैसा पाण्यात गया रे नरोत्तम!"

"आण्णा, भाईर या, दखाडा ती!"

मी उठलो. नरोत्तमची गिटार मांडीवरच होती, तीच घेऊन बाहेर जायचे होते. मी ती खाली ठेवली, माझी उचलली आणि पडदा सारला. टाळ्या झाल्या. नरोत्तमही टाळ्या वाजवत होता. मी गर्दीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले नाही.

इतक्यावर थांबलो असतो तर क्षणाची भूल म्हणता आली असती. त्याच आठवड्यात मी ग्रुपवर लांबलचक टिपण लिहिले: जुने लाकूड कसे वाळते, वर्षानुवर्षांचा घाम त्यात कसा मुरतो, नव्याला ते का साधत नाही. भाषा चांगली जमली होती. इंदूरच्या एकाने 'डोळ्यांत पाणी आले' असे कळवले. नरोत्तमने नुसते हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि त्यानंतर तो ग्रुपवर बोललाच नाही.

परवा कळले, की तो गिटार विकतो आहे. सुरतेचा कुणी रविवारच्या गाडीने येणार आहे. काल सकाळीच मी त्याच्या गावी गेलो. अंगणात केळीच्या घडांचा हिरवा, चिकट वास होता. आत जायला मला धीर झाला नाही. उभ्या उभ्याच सांगितले, की त्या दिवशी दुसऱ्यांदा वाजवली ती तुझी होती.

नरोत्तम हातातला कोयता पुसत राहिला. "मले ठाऊक व्हतं, आण्णा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मन्हाकडे देखंच नही. चार लोकस्मा तुमले खोटं पाडू का?"

दारातून त्याची बायको म्हणाली, "तवयपाशी ती पेटी खाटखाले पडेल शे. झाडताना रोज मन्हा पायले लागस!"

तो हसला, मीही हसलो. मग तो हळू आवाजात म्हणाला, की त्या दिवसापासून गिटार हातात घेतली की तिचा सूर ऐकू येत नाही, आपण वाजवलेल्या टाळ्याच ऐकू येतात. मी समजत होतो, खोटे मी एकट्याने केले. त्यातले अर्धे मी या माणसाच्या हातात देऊन आलो होतो आणि तो ते निमूट वागवत होता.

त्याने ओसरीवरच्या खाटेखालून पेटी ओढली, धूळ पुसली आणि गिटार माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. म्हणालो, तू वाजव.

तो खाटेच्या कडेवर बसून भजनाच्या ठेक्यावर वाजवू लागला, सावकाश, दोन स्वरांमध्ये भरपूर जागा सोडत. मी ऐकत होतो. गोदामात माझ्या बोटांखाली निघालेला आवाज हा नव्हता. माझी आठवण त्यात कुठेच नव्हती. होता तो तापीकाठच्या एका माणसाचा संथ, थोडा बिचकलेला हात. त्या दुपारी जुनी कोणती आणि नवी कोणती एवढेच आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. याला वाजवायला सांगावे, हे कुणालाच सुचले नव्हते, आणि त्याचा गुरू म्हणवणारा तर पडद्यामागे बसला होता.

रविवारी येणाऱ्या माणसाला काय सांगणार, हे मी विचारले नाही. तो वाजवत राहिला.