कशेळ्यातला झटका

पौषातली कोरडी थंडी होती. दुसरे महायुद्ध संपून लष्करी मोटारी लिलावात निघाल्या होत्या आणि माझे मित्र बापूराव यांनी त्यांतली एक पदरात पाडून घेतली होती. तिच्यातून कर्जतकडे पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) खायला जायचे ठरले. मी पुण्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. लोकरी कोट आणि रबरी तळाचे बूट चढवून मी ऐटीत शेजारी बसलो.

घाट उतरून खालापूरला चहासाठी थांबलो. उतरून दार लोटले, तोच बोटाला झटका बसला.

"लष्करातली आहे," बापूराव म्हणाले. "साध्या माणसांची सवय नाही तिला अजून."

लोकर गादीवर घासून अंगात वीज कशी साठते, हे मी त्यांना चहा निवेपर्यंत समजावले. कर्जतला उतरताना पुन्हा झटका बसला. कारण कळले म्हणून गोष्ट टळते असे नाही.

कशेळ्याला उस्मानचाचांच्या चहाच्या दुकानासमोर उतरलो. बापूरावांची त्यांची जुनी ओळख. चाचांनी माझ्यापुढे हात केला आणि आमच्या बोटांमध्ये ठिणगी तडकली. ते खांदा धरून मटकन बाकावर बसले. मी ओशाळून माफी मागू लागलो, तर ते हात हळूहळू फिरवत म्हणाले, "थांबा मास्तर. म्हयना झाला, ह्यो खांदा हलत नव्हता."

मी तिथेही विजेवर व्याख्यान दिले. बाजाराचा दिवस, श्रोत्यांना तोटा नव्हता. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि औषध मोटारीतच आहे असे ठरवून टाकले.

पुढचे दोन दिवस जवळच्या वाडीत, बापूरावांच्या चुलतभावाकडे गेले. भांबुर्डीच्या पाल्यात (ही उग्र वासाची रानातली वनस्पती) भाजलेल्या शेंगा इतक्या खाल्ल्या की शेवटी पोटानेच हात टेकले. तिथे मी झटक्यावर उपायही शोधला. उतरताना दाराची लोखंडी कडी घट्ट धरायची आणि मगच पाय जमिनीला लावायचे. झटका बंद झाला. मी स्वतःवर फार खूष होतो.

परतताना कशेळ्यात त्याच रीतीने उतरलो. चाचांच्या बाकावर एक म्हातारी बसली होती.

"ही ठकूबाई," चाचा म्हणाले. "डोंगरापल्याडून पहाटेची चालत आलीय, तुमच्यासाठी."

ठकूबाईने उजवा हात खांद्याएवढा उचलून दाखवला. "ह्याच्या वर जात नाय. अंबाडा सून बांदते. बांदते, पन बांदताना बोलते." मग तोच हात तिने पुढे केला. मी धरला. काहीच झाले नाही. माझा उपाय उत्तम चालत होता.

याने खांदे बरे होत नसतात, चाचांचा आपोआप सुटला असेल, असे मी तिला सांगितले.

"नसंल होत," ती म्हणाली. "पन येवढी चालत आले. येकदा लागू तरी द्या, बाबा."

मी पदार्थविज्ञान बाजूला ठेवले. मी मोटारीत जाऊन बसलो आणि खाज सुटलेल्या म्हशीसारखी गादीवर पाठ घासू लागलो. गर्दी जमली. बापूराव मित्र असूनही पोट धरून हसत होते. मग मी दोन्ही हात वर करून, कशालाही न शिवता, उघड्या दारातून खाली उडी मारली आणि तिच्या बोटाला बोट लावले.

दोघेही दचकलो. ठकूबाईने हात उचलला. तो खांद्यापाशी अडला, मग कानापर्यंत गेला. अंबाड्यापर्यंत काही पोहोचला नाही.

"आला थोडा," ती म्हणाली. मला एकाच वेळी लाजही वाटली आणि बरेही वाटले. तिने माझ्या बोटाकडे पाहिले. "तुमाला पन लागला ना?"

"लागला."

"मंग तुमचं काय दुखत व्हतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग तुमचा वाया गेला," ती हळहळली, आणि उठून डोंगराच्या वाटेला लागली.

कर्जत गेले, खालापूर गेले. बापूराव अजून म्हशीची आठवण काढून हसत होते, मीही हसलो. पण मी त्या बाईशी खोटे बोललो होतो. घाट चढून खंडाळा येईपर्यंत दुखणारी चार ठिकाणे आठवली आणि त्यांतली तीन डॉक्टरला दाखवण्याजोगी नव्हती. तिने विचारले तेव्हाच सांगायला हवी होती.