कॅसेटमधलं ताईचं शेत

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. मी गेलो, पण आजवर जे लिहिलं ते प्रश्नाखाली, मार्कांसाठी. कुणी विचारलेलं नसताना लिहायची ही पहिलीच वेळ. त्यात विषय असा, की मोठ्या माणसांना हसू येईल: एक व्हिडिओ गेम आणि त्याची नकली कॅसेट. पण या कॅसेटपायी मी एका माणसाला चार जणांपुढं खोटारडा ठरवलं. तेव्हा माझी चूकही चार जणांपुढं सांगावी असं मला वाटतं.

आम्ही परतूरजवळच्या आष्टीचे. वडील परतूरच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या रानात जाते. गेमचा सेट माझ्या मामानं आणला होता. तो ट्रकवर होता आणि हैदराबादकडच्या कुठल्याशा जुन्या बाजारातून त्यानं तो उचलला होता. तळहाताएवढा सेट, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्याचं बंद-चालूचं बटण आधीच मोडलेलं होतं आणि चालूवरच अडकलेलं होतं. म्हणून गेम थांबवायचा तर मागचं झाकण उघडून एक सेल बाहेर काढायचा. आमच्या घरी तेच बटण.

कॅसेट आष्टीच्या आठवडी बाजारातली, प्लास्टिकची खेळणी विकणाऱ्याकडची. वरच्या स्टिकरवर मोटारी होत्या, आत शेती निघाली. एक माणूस मोडक्या शेतावर येतो, दगड वेचतो, पेरतो, पाणी घालतो, कोंबड्या पाळतो. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला हा खेळ इतका लागला की दोन वर्षांत तिनं त्या शेतावर दोन गाई केल्या, ओढ्यावर पूल बांधला, आणि म्हातारी झालेली पहिली कोंबडी शेवटपर्यंत विकली नाही. दिवसाचं काम झालं की खेळातल्या घरात जाऊन डायरी उघडायची, म्हणजे तोवरचं सगळं कॅसेटमध्ये जपलं जायचं. आम्ही त्याला सेव्ह मारणं म्हणायचो. जागा एकाच शेताची होती. दुसऱ्यानं नवीन सुरू केलं की पहिल्याचं गेलं.

लग्न होऊन परतूरला जाताना ताईनं सेट माझ्या हातात दिला. म्हणाली, "खेळायचं तर खेळ. पण नवीन सुरू करू नको. माझं शेत मोडू नको."

सेलबद्दल आमच्या घरी एक शिस्त होती, ती इथं सांगितली पाहिजे. सेल फुकट जळता कामा नये, असं वडिलांचं म्हणणं. गेममध्ये दमलेले सेल आम्ही भिंतीवरच्या घड्याळात घालायचो आणि तिथं ते अजून कितीतरी दिवस चालायचे. त्यामुळं पडद्यावर सेव्ह झाल्याची ओळ आली की लगेच सेल बाहेर. माझ्या बोटांना ती सवय इतकी होती की ओळ पुरती वाचायच्या आधीच नख झाकणाखाली गेलेलं असायचं.

बीएस्सीला जालन्यात आलो तेव्हा सेट पेटीत घालून आणला. नवीन जालन्यात, स्टेशनापासून थोडं आत, बियाण्याच्या गोदामाच्या वरती पत्र्याची खोली मिळाली. माझा रूम पार्टनर आयटीआयला होता, फिटरला. तो शेतकरी घरातला. गावात त्यांचं नाव जुनं, जमीन बऱ्यापैकी. आम्ही बौद्ध. यावरून तो मला कधी काही बोलला नाही, आणि मी मात्र तो कधी बोलेल याची वाट बघत राहायचो. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या बाटलीतून पाणी प्याला. मी मनात म्हटलं, हे मला दाखवायला प्याला असेल. त्याच्या घरून धपाटे आले की तो डबा माझ्यापुढं सरकवायचा. मला वाटायचं, जास्तीचे असतील म्हणून देतोय. असं सगळं मी मनात साठवत होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी याला शहाणपण समजत होतो.

त्या दिवशी माझं अकरा वाजता प्रॅक्टिकल होतं. उशीर होत होता, तरी निघायच्या आधी मी सेट काढला, ताईच्या कोंबड्यांना दाणे टाकले, सेव्ह मारला, सेल काढला, सेट फळीवर ठेवला आणि जिना उतरलो. चारला परत आलो तर सेट पार्टनरच्या गादीवर, दोन्ही सेल आत.

मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "जरा चालू केल्ता. त्याच्यात काहीच न्हाई रे तुझं. नवीनच सुरू व्हतंय."

मी सेट हातात घेतला. जुना खेळ पुढं चालवायची ओळ फिकट पडली होती. नवीन सुरू करायची तेवढी उजळ.

"तू नवीन दाबलं," मी म्हणालो.

"न्हाई दाबलं. मला दिसलंच तसं."

"मंग शेत कुठं गेलं?"

"मला काय माहीत? माझं काय सातबाऱ्यावर नाव हाय का त्याच्या?"

तो चेष्टेत बोलला होता. पण आमच्या नावावर कुठं गुंठाभरही जमीन नाही, आणि मला ते वर्मी लागलं. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतली दोन पोरं दारात आली. त्यांच्यापुढं मी म्हणालो की याला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नाही, पुसलं ते पुसलं आणि वर खोटं बोलतो. तो म्हणाला, "मी पुसलं न्हाई. एकदा सांगितलं." शेजारच्या पोरांपैकी एकानं मध्ये पडून गेमपायी काय भांडता यडपटांनो, असं म्हणून दोघांना गप्प केलं.

मग मी पुरावा गोळा करायला लागलो. मुद्दाम नवीन शेत सुरू केलं. रोज पार्टनर खोलीत असताना थोडं खेळायचो, सेव्ह मारायचो, आणि मारल्यावर त्याच्या तोंडाकडं बघायचो, त्याचं काही बदलतं का म्हणून. तो वही काढायचा नाहीतर इस्त्री करायचा. मी बघून घ्यायचो, मग सावकाश सेल काढून सेट पेटीत कुलपात ठेवायचो. आठवडा गेला, दुसरा गेला. शेत जागच्या जागी. मला वाटलं, झालं सिद्ध. कुलूप आहे तर शेत आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं सामान बांधलं. म्हणाला, "रोज तोंडाकडं बघून राह्यला तू माझ्या. मला जेवण जाईना." रिक्षा बोलावून तो ट्रंक घेऊन गेला. त्याची गादी उचलल्यावर जमिनीवर तेवढी चौकोनी स्वच्छ जागा उरली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरंच लिहितो.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी, खोलीत एकटा असताना मी खेळत होतो आणि आईचा फोन आला. घाईत सेव्ह मारला, सेल काढला, फोन घेतला. संध्याकाळी सेल घातले तर शेत नाही. जुन्या खेळाची ओळ फिकट.

पहिला विचार आला तो असा, की घरमालकाकडं दुसरी किल्ली असणार. मी जिन्यात जाऊन उभासुद्धा राहिलो. पण सबंध दिवस मी खोलीतून हललोच नव्हतो आणि सेट माझ्या उशाशी होता. संशय घ्यायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाकडच्या रस्त्यावरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. तिथले चाचा चष्मा कपाळावर चढवून काम करतात. त्यांच्याबद्दलही मला शंका होतीच, की आतला एखादा भाग काढून घेतील, म्हणून मी काउंटरवर वाकून उभा राहिलो. ते म्हणाले, जरा उजेड सोडा भाऊ.

त्यांनी स्क्रू काढून कॅसेट उघडली. आत बोटभर हिरवी पट्टी, त्यावर एक मोठी चीप, एक बारकी, आणि एका कोपऱ्यात छापलेलं रिकामं गोल वर्तुळ.

"ये देखो, सेलची जागा हाय, सेल न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. अशा जुन्या कॅसेटमध्ये सेव्ह एका बारक्या मेमरीत राहतो. त्या मेमरीला वीज तुटली की काही आठवत नाही. म्हणून चांगल्या कॅसेटमध्ये तिच्या शेजारी एक बटण सेल बसवलेला असतो. सेट बंद असला तरी तो तिला जागं ठेवतो. नकली करणाऱ्यानं तो सेल वाचवला. त्याऐवजी गेममध्येच फेरफार करून ठेवला: खेळणाऱ्यानं सेव्ह मारला की बारक्या मेमरीतलं सगळं उचलून मोठ्या चीपमध्ये, जिथं गेम असतो तिथंच एका कोपऱ्यात, कायमचं लिहायचं. तिथं लिहिलेलं विजेशिवाय टिकतं. पण या चीपवर आधी लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो कोपरा कोरा करावा लागतो. याला काही सेकंद लागतात, आणि हे सगळं सेव्ह झाल्याची ओळ पडद्यावर आल्यानंतर चालतं.

"त्या टायमाला सेल काढला तर?" मी विचारलं.

"जुना गया, नवा आया न्हाई," चाचा म्हणाले. "कोरा."

मी त्यांना पुन्हा एकदा विचारलं, जुनं पण जातं का. ते म्हणाले, बिलकुल जातं, आधी पुसतो मंग लिहितो. मग त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं. सेव्ह मारला, ओळ आली, आणि गेममधलं गाणं अडकलं. चित्र थिजलं. चाचांनी बोट वर करून मला थांबवलं. थोड्या वेळानं गाणं परत सुरू झालं. आता काढा, म्हणाले. एरवी झाकण उघडेपर्यंत तेवढे सेकंद कसेबसे निघून जात असणार; दोन्ही वेळा माझी घाई नडली.

पार्टनरच्या तोंडाकडं बघण्यात माझा रोज तेवढाच वेळ जात होता. म्हणून ते दोन आठवडे शेत टिकलं होतं. माझ्या कुलपाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

खोलीवर येऊन मी त्याला मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी जे गेलं त्यात मेमरीबद्दलच जास्त होतं आणि माफीची एकच ओळ होती. त्यानं वाचला, उत्तर दिलं नाही. एकदा आयटीआयच्या फाटकापर्यंत गेलो. सुटायची वेळ होती, पोरं सायकली काढत होती. तो दिसण्याआधीच मी परत फिरलो. तो सगळ्यांपुढं काय म्हणेल याची मला भीती वाटली, आणि मी त्याला सगळ्यांपुढंच बोललो होतो.

ताईला सांगणं बाकी होतं. रविवारी रेल्वेनं परतूरला गेलो. ती भाजी निवडत बसली होती. मी शेत गेल्याचं सांगितलं, चीपचं सांगितलं, पार्टनरचंही सांगितलं. ती देठ खुडत म्हणाली, "माझं दोनदा गेल्तं तसं."

मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या बारीला मला वाटलं तूच केलंस. तू तव्हा माझ्यावर रुसलाच व्हतास."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? तू लहान. पुन्हा पेरलं. दुसऱ्या बारीला तू मामाकडं गेल्तास, मंग कळलं तू न्हाईस. मंग मी गाणं परत लागेपर्यंत सेल काढत नव्हते. तुला तेवढं सांगायचं राह्यलं."

मधले सगळे दिवस ती माझ्यावर संशय ठेवून माझ्याच शेजारी जेवत होती, आणि मला पत्ता नव्हता. मी तिला विचारलं, आता पार्टनरचं काय करू. ती म्हणाली, मेसेज काय करतोस, माणूस पाठव, नाहीतर स्वतः जा. शेतापेक्षा ते बघ.

स्वतः जायचं मला पुन्हा जमलं नाही. शेजारच्या खोलीतलं, त्या दिवशी मध्ये पडलेलं पोरगं आयटीआयलाच आहे. मी त्याच्याकडं पार्टनरसाठी निरोप दिला: चूक माझी होती, कॅसेट उघडून बघितली, त्याची जागा मी कुणाला दिलेली नाही, त्यानं परत यावं. दोन आठवडे रोज मी त्या पोराला जिन्यात गाठायचो. कधी म्हणायचा भेट झाली नाही, कधी म्हणायचा सांगतो. तो निरोप देतच नसेल असंही मला वाटून गेलं.

काल तो आपणहून खोलीत आला. बसला नाही. म्हणाला की पार्टनरला वाळूजच्या कंपनीत अप्रेंटिस लागलं, सोमवारी चालला, खोली तिकडंच बघितली.

मी विचारलं, "माझं सांगितलं का त्याला?"

"सांगितलं. सगळं बराबर सांगितलं."

"मंग?"

तो दाराकडं वळला. मग म्हणाला, "तो म्हणला, मी सांगितलं तव्हा त्याला पटलं न्हाई. कॅसेट फोडून बघितली तव्हा पटलं. आता मी काय येत न्हाई."